प्लास्टिकच्या शीटमधून यंत्रमानव

१९५६ साली प्रदर्शित झालेल्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या अमेरिकी चित्रपटातील सुमारे ७ फूट उंचीचा रॉबी नावाचा यंत्रमानव हा वस्तुतः आत नट शिरून चालविलेला पोशाख होता, आणि त्याचे कित्येक अवयव तापवून मऊ केलेले प्लास्टिक साच्यावर बसवूनच घडविलेले होते. म्हणून तयार संच न आणता शीटमधून त्याची प्रतिकृती निर्माण करणे हेच आमच्या मते अधिक प्रामाणिक अनुकरण होय.

प्रमाण एकास बारा धरावे, म्हणजे मुळातल्या फुटाचा इंच होऊन हिशेबाची यातायात वाचते. शीट पॉलिस्टायरीनची घ्यावी. कोकणात गणपतीच्या मखरांसाठी वर्षानुवर्षे वापरलेले आणि २०१८ साली सरकारने मनाई केलेले थर्माकोल हे याच द्रव्याचे फुगविलेले रूप. शीट आरपार कापण्याचा अट्टाहास नको. पट्टी धरून रेघ कोरावी व वाकवावी, की नेमकी तेथेच तुटते.

खरी कसोटी मस्तकावरील पारदर्शक घुमटाची व गोलाकार पायांची. त्यांना कातलेला लाकडी साचाच हवा, आणि १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या सावंतवाडीची लाकडी फळे ज्याने पाहिली आहेत, त्याला तो कोणाकडून घ्यावा हे सांगणे नलगे.

सांधण्याचा द्रव दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. मात्र त्याची वाफ अपायकारक असल्याने, पावसाची झड आत येते ही सबब न सांगता, खिडकी उघडी ठेवूनच काम करावे.