रक्ताचा पैसा म्हणजे काय?

(शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'रक्ताचा पैसा' हा शब्द आपण सभेत सारखा वापरतो. पण त्यात तीन वेगवेगळे पैसे आहेत. ते ओळखता आले पाहिजेत.

पहिला पैसा माणूस मारण्यासाठी किंवा पकडून देण्यासाठी घेतलेला. बायबलात यहूदाने 30 चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून दिलं. पुढे पस्तावून त्याने नाणी परत फेकली. पण याजक म्हणाले, हा रक्ताचा पैसा, देवळाच्या खजिन्यात चालणार नाही. त्यांनी त्यातून कुंभाराचं शेत घेतलं. लोकांनी त्याला नाव दिलं 'रक्ताचं शेत'. पैशाची जमीन झाली, तरी रक्त पुसलं गेलं नाही.

दुसरा पैसा मारणाऱ्याने मेलेल्याच्या घरच्यांना द्यायचा. अरब मुलखात त्याला दिया म्हणतात, जुना दर 100 उंट. तो घ्यायचा, शिक्षा मागायची की माफ करायचं, हे घरचे ठरवतात. दक्षिण राजस्थानात भिल्ल, गरासिया भावांमध्ये मौताणा आहे. पंच बसतात, रक्कम ठरते, वैर मिटतं. त्याचे हालही आहेत. रक्कम ठरेपर्यंत प्रेत पडून राहतं, गरीब घर कर्जात बुडतं. म्हणून आम्ही त्याचं गुणगान करत नाही. पण तिथे देणारी बाजू चार माणसांत येऊन बसते, मरणाचा भार घेते.

तिसरा पैसा गुपचूप येतो. खाणीत, रस्त्याच्या कामावर मजूर मरतो. ठेकेदाराचा माणूस रात्री नोटा आणि कागद घेऊन येतो. म्हणतो, अंगठा लाव, साहेबांनी दया केली. ही दया नाही, तोंड बंद करायची किंमत आहे.

आता कायदा ऐका. 1923 च्या कायद्याने कामावर मेलेल्या मजुराची भरपाई हा घरच्यांचा हक्क झाला. ती मालकाने नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे भरायची असते. थोडी उचल सोडली, तर परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. आणि खून झाला असेल, तर घरच्यांनी पैसे घेतले म्हणून खटला मिटत नाही.

म्हणून गावात असं मरण झालं, तर त्या घराला एकटं सोडू नका. पाच माणसं बसवा. कागद मोठ्याने वाचायला लावा. विचारा, हा पैसा कशाचा? माणूस कसा मेला, ते यात लिहिलंय का? लिहिलं नसेल, तर अंगठा लावायचा नाही.

जिंदाबाद!