शेततळ्यातलं न दिसणारं पीक



2016 साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. खड्डे झाले. कपाशीला एखादं जास्तीचं पाणी मिळालं. पण कोरडवाहू मुलखातलं तळं बहुधा चार-पाच महिन्यांत आटतं. तेवढ्यात किलोभराचा मासा होत नाही. मत्स्यजिरे सोडून बोटुकली विकायला मात्र दोन-तीन महिने पुरतात.

अडचण खाण्याची आहे. जिरे अर्ध्या सेंटिमीटरचे. पहिल्या दिवसांत त्यांना जिवंत चाराच लागतो. रोटिफर, पाणपिसवा आणि कोपेपॉड हा तो चारा. कोपेपॉडांतला सायक्लॉप्स आपला जुना वैरी. नारूची अळी त्याच्याच पोटातून, पायविहिरीच्या पाण्याबरोबर माणसात यायची. देशातला शेवटचा नारूचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला. 2000 साली देश नारूमुक्त ठरला. तोच सायक्लॉप्स माशाच्या पोराचं अन्न आहे.

हे पीकच समजा. शेणाने पाण्यात शेवाळ धरतं, शेवाळावर हे जीव वाढतात. जिरे सोडण्याआधी दहा-पंधरा दिवस, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो शेण कालवून टाका. पाणी 25 ते 30 अंश उबदार असलं की वाढ झपाट्याने होते. मग 50 लिटर पाणी बारीक रेशमी कापडातून गाळा. तळाशी एक-दोन मिलिलिटर जीव जमले तर चारा तयार. पाणी फार जुनं होऊ देऊ नका. मोठे सायक्लॉप्स आणि पाणकिडे कोवळ्या जिऱ्यांनाच धरतात. पुढे पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागले तर शेण बंद करा.

आता खरा धोका. कोपेपॉड खेकड्या-झिंग्याच्या कुळातला, म्हणजे किडीचा चुलतभाऊ. बोंडअळीवर मारलेलं सायपरमेथ्रिन थोडं जरी पाण्यात उतरलं तरी तो आधी मरतो. मग वाचलेले जिरेही उपाशी मरतात आणि आपण म्हणतो, बी खोटं निघालं. म्हणून पंप तळ्यावर भरू नका, तळ्यात धुऊ नका. वारा तळ्याकडे असेल तर फवारू नका. कपाशीतून वाहणारं पाणी चर काढून बाहेर वळवा.

शेवटी हिशेब. जिऱ्याचे पैसे लिहा, शेणाची किंमत लिहा, घरच्या माणसांची मजुरी लिहा. घरचं शेण फुकट नसतं, घरचा घामही फुकट नसतो. जिरे आणण्याआधी बोटुकलीचं गिऱ्हाईक पाहा, भाव बोलून घ्या. खर्च निघून चार पैसे उरत असतील तरच तळ्यात उतरा. कपाशी-ज्वारीत तोट्याची शेती पुष्कळ केली. ती पाण्यात नको.