सेवेचा कार्यभार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कानपूर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकली. माझ्या वाट्याला कार्यवाहांनी जो विषय दिला तो तुलनेने रुक्ष आहे : 'लहानसे सेवामंडळ कसे चालवावे आणि कसे वाढवावे?' मी विद्वान नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि फायली हाताळता हाताळता केस पांढरे केले. बारा नव्हे, तरी सहा गावांचे पाणी प्यालो. प्रत्येक गावी मराठी मंडळ शोधले आणि बहुतेक ठिकाणी मंडळाच्या सेवाकार्यात थोडाफार हातभार लावला. त्या अनुभवाच्या आधारानेच चार शब्द बोलणार आहे.

समाजसेवेच्या इतिहासात १९०५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या १२ तारखेस गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी, २३ फेब्रुवारीस, अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांसह पहिल्या रोटरी क्लबची बैठक भरवली होती. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, यावरून 'रोटरी' हे नाव पडले. गोखल्यांच्या समाजाचा सभासद आपले सारे आयुष्य देशकार्याला वाहण्याची शपथ घेई. शिकागोचे सभासद आपापला व्यवसाय सांभाळून उरलेला वेळ देत. पहिला मार्ग थोरांचा. त्याला वंदन करावे. आपण सारे दुसऱ्या मार्गाचे प्रवासी आहोत. घर, कचेरी, मुलांच्या परीक्षा आणि गावाकडचे वृद्ध आईवडील यांतून उरलेले दोन तास, एवढीच आपली पुंजी.

त्यातही आपली एक अडचण शिकागोच्या त्या मंडळींना नव्हती. ते आपल्या गावी स्थिर होते. आपल्यापैकी बहुतेकांना येथे आणले ते नोकरीने. कोणी आयुध कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी आयकर खात्यात, कोणी बँकेत, तर कोणी आयआयटीत. काही भाग्यवान कुटुंबे सोडली तर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि सामान बांधावे लागते. ज्या उत्साही गृहस्थांच्या जिवावर काम उभे असते ते गेले की काम बसते. एका गावी मी असे पाहिले की, मंडळाने गरजूंसाठी जमवलेल्या ब्लँकेटांच्या कपाटाची किल्ली कार्यवाहांच्या खिशातून थेट दुसऱ्या प्रांतात गेली. पत्रव्यवहार होऊन ती परत येईतो थंडी सरली होती. दुसऱ्या एका गावी बँकेच्या खात्यावर सह्या करणारे दोन्ही पदाधिकारी एकाच उन्हाळ्यात बदलून गेले आणि पैसे असूनही खर्च करता येईना. या दोन्ही ठिकाणी माणसे प्रामाणिक होती, तळमळीची होती. उणीव एवढीच की, आपल्यामागे काम कोणी आणि कसे चालवायचे याचा विचार कोणी केला नव्हता.

सरकारी कचेरीत आपण ज्याला 'चार्ज देणे' म्हणतो, ती पद्धत सेवामंडळात आणली पाहिजे, हे माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे. लहान मंडळाची वाढ त्याच्या सभासदसंख्येवर वा शिल्लक रकमेवर मोजू नये. त्याचे काम किती जणांना सांभाळता येते, यावर ती मोजावी.

आता उदाहरण आपल्या घरचेच घेतो. आपल्या सेवा विभागाचे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आपणा सर्वांना ठाऊक आहे. कल्पना नवी नव्हे; पुण्या-मुंबईत अशी केंद्रे अनेक संस्था वर्षानुवर्षे चालवीत आल्या आहेत. घरातील आजींचे खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते आणि काही आठवडे वॉकर, कमोडची खुर्ची, कदाचित डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग यांची गरज पडते. या वस्तू विकत घ्याव्यात तर खर्च मोठा, आणि आजी हिंडूफिरू लागल्या की त्याच वस्तू माळ्यावर धूळ खात पडतात. एका घराच्या माळ्यावरची वस्तू दुसऱ्या घराच्या गरजेला पोहोचवणे, एवढेच या केंद्राचे काम.

लहान मंडळाला हे काम मानवते, याची कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे आरंभाला भांडवल लागत नाही. सभासदांच्या घरांतून दोन वॉकर, चार कुबड्या, एक चाकांची खुर्ची सहज निघते. दुसरे, वस्तू परत येते आणि पुन्हा उपयोगी पडते. एकदाच्या दानापेक्षा तिचे पुण्य अनेकपट होते. तिसरे, हे काम आठवड्यातून एका ठरावीक वारी, ठरावीक वेळी करता येते. आपण शनिवारी सायंकाळी पाच ते सात ही वेळ धरली आहे. पाऊस असो, लग्नसराई असो वा हाडे गोठवणारी जानेवारीतली थंडी असो, त्या वेळी कुलूप उघडलेले असते. लोकांचा विश्वास बसतो तो या नेमाने. लांबून रिक्षा करून आलेल्या माणसाला एकदा जरी बंद दार दिसले, तरी तो ती गोष्ट दहा जणांना सांगतो.

पण काम सोपे दिसते तितके ते नाही. वस्तू देताना नाव, पत्ता, दूरध्वनी, तारीख आणि अनामत रक्कम नोंदवहीत लिहिली गेली पाहिजे. दोन महिन्यांची मुदत असेल तर दीड महिन्यानंतर विचारपूस झाली पाहिजे, आणि ती तगाद्यासारखी नव्हे. आधी रुग्णाची प्रकृती विचारावी, मग वस्तूची. कधी कधी पलीकडून उत्तर येते की, रुग्ण गेले. तेव्हा वस्तूचा विषयच काढू नये. दिवस झाल्यावर ते आपणहून आणून देतात. परत आलेली वस्तू साबणाच्या पाण्याने धुवून, जंतुनाशकाने पुसून, उन्हात वाळवून मगच आत ठेवावी. वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले असतील तर बदलावेत. गुळगुळीत फरशीवर तेवढ्यानेच म्हातारे माणूस पुन्हा पडते. त्याची उंचीही जुळवून द्यावी : माणूस हात सोडून ताठ उभा राहिला असता मूठ त्याच्या मनगटाशी यावी. खुर्चीचे ब्रेक पाहावेत, पलंगाच्या हँडलला तेल द्यावे. सेवा म्हणतात ती याच बारीकसारीक गोष्टींत असते.

या गोष्टी एकालाच ठाऊक असणे हा संस्थेला धोका आहे. म्हणून केंद्रावर नेहमी दोघे असावेत, एक जाणता आणि एक शिकणारा. सहा महिन्यांनी शिकणारा जाणता होतो आणि त्याच्याबरोबर नवा बसतो. जो पदाधिकारी बदलून वा निवृत्त होऊन जाईल, त्याने जाण्यापूर्वी कार्यभाराची लेखी टिपण द्यावी. वस्तू किती, बाहेर किती, अनामत किती, किल्ल्या कोणाकडे, दुरुस्ती करणारा कोण, कोणते पत्र उत्तरावाचून राहिले, हे सारे तीत यावे. दोन पानांचे हे काम आहे. कचेरीत आपण ते मुकाट्याने करतो. सेवेच्या कामात मात्र तो आपल्यावरचा अविश्वास वाटतो, हे चमत्कारिक नव्हे काय?

आता पैशाविषयी. महाराष्ट्रातील सार्वजनिक कार्याला थेंबे थेंबे तळे साचवण्याची मोठी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या मुलांसाठी घरोघरच्या माउली रोज मूठभर धान्य बाजूला काढीत. एका धनिकाच्या मोठ्या देणगीपेक्षा शंभर घरांची लहान वर्गणी बरी. धनिकाची बदली झाली तर देणगी थांबते; शंभर घरांची एकदम बदली होत नाही.

येथे माझ्या सरकारी बांधवांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पंधराव्या नियमानुसार, नोकरीच्या कामात बाधा येत नसेल तर सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम करण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. निवडून आलेले पद धारण करायचे असेल तर मात्र ती लागते. बाराव्या नियमानुसार तर वर्गणी मागणे, स्वीकारणे किंवा निधिसंकलनाशी संबंध ठेवणे यास पूर्वपरवानगी हवीच. रेल्वेतील मंडळींना याच धर्तीचे १९६६ चे नियम आहेत. हा नियम जाचक वाटेल, पण शहाणपणाचा आहे. अधिकाऱ्याने मागितलेली वर्गणी ही वर्गणी राहत नाही. म्हणून आपल्याकडे निधीचे काम गृहिणी, निवृत्त सभासद आणि व्यापारी मंडळी पाहतात, आणि सांगायला आनंद वाटतो की, ते आम्हा अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी चोख पाहतात.

अनामत रकमेबाबत एक सूचना. ती आपली मिळकत नव्हे, ते लोकांचे देणे आहे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा आणि तिला हात लावू नये. वस्तू परत आली की रक्कम त्याच वेळी परत द्यावी; 'पुढच्या शनिवारी या' असे म्हणू नये. बँकेत तिघांच्या सह्या नोंदवाव्यात आणि कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा, म्हणजे एकजण बदलून गेला तरी गाडे अडत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे संस्था काढू शकतात. परंतु कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकाकडे गेली पाहिजे आणि उत्तर प्रदेशात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी झाले पाहिजे. या तारखा कार्यालयातील भिंतीवर लावून ठेवाव्यात. कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर त्या सोडू नयेत.

यानंतर एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. देणग्या मराठी माणसांच्या, तर साहित्यही मराठी माणसांनाच द्यावे, असे मत आपल्यापैकी काहींचे होते, आजही आहे. त्यामागील आपुलकी मी जाणतो. परप्रांतात आपल्या माणसाला आपणच पाहिले पाहिजे, ही भावना चुकीची नाही. परंतु थोडा विचार करावा. १८१८ च्या पराभवानंतर दुसरे बाजीराव येथून जवळच बिठूरला आले आणि त्यांच्या आश्रयाने मराठी कुटुंबे गंगाकाठी वसली. तेव्हापासून या परिसराने मराठी माणसाला आसरा दिला आहे. रात्री-अपरात्री आपल्या घरात कोणी आजारी पडले तर गाडी काढतात ते शेजारचे मिश्राजी. सातारा-सांगलीचे आप्त पोहोचायला दोन दिवस लागतात. ज्या नगराचे अन्न आपण खातो, त्या नगराचे आपण काही देणे लागतो.

व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा. केंद्राचे दार सर्वांना उघडे झाल्यावर काय घडले? पलंग घेऊन गेलेल्या येथील एका औषधविक्रेत्याने परत येताना विचारले, 'हम भी कुछ सेवा कर सकते हैं क्या?' आज शनिवारच्या पाळीत निम्मे स्वयंसेवक कानपूरचेच आहेत. त्यांची बदली होत नाही! जो प्रश्न आपल्याला इतकी वर्षे छळत होता, त्याचे उत्तर आपल्या उंबरठ्याबाहेरच उभे होते. मंडळातील मराठीपणही याने कमी झाले नाही. उलट गणेशोत्सवात हीच मंडळी आरतीला येतात आणि मोदकांची कृती विचारतात.

वाढीबद्दल शेवटचा इशारा. सांभाळता येणार नाही ते घेऊ नये. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूसाठी देशभर जी धावपळ झाली, ती कोण विसरेल? त्यानंतर अनेक संस्थांकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देणगीदाखल आले. हे यंत्र भोवतालच्या हवेतूनच प्राणवायू वेगळा करते. त्याला अखंड वीज लागते, जाळी वेळोवेळी धुवावी लागते, आणि प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टरांनीच सांगायचे असते. देखभालीला माणूस नसेल तर असे यंत्र कपाटात मरते आणि ऐन वेळी दगा देते. आधी सांभाळणारा माणूस नेमावा, मग देणगी स्वीकारावी. नकार देण्यात कमीपणा नाही.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापले, त्यांच्यापैकी फारच थोडे आज या सभागृहात आहेत. ज्यांची नावेही आपल्याला नीट ठाऊक नाहीत अशा कित्येकांनी आपला कार्यभार पुढच्याच्या हाती नीट दिला, म्हणून आज सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे. येत्या दोन-तीन वर्षांत आजच्या कार्यकारिणीतील निम्म्याहून अधिक मंडळी बदलीने वा निवृत्तीने येथून जातील. मीही त्यांत असेन. तेव्हा माझी मागणी पैशाची नाही. तो मागण्याची मला परवानगीही नाही. तरुण सभासदांनी आणि भगिनींनी महिन्यातून एक शनिवार, दोन तास, केंद्रावर यावे. वही कशी लिहितात ते पाहावे, वॉकरचा बूट कसा बदलतात ते शिकावे आणि एक किल्ली आपल्याकडे घ्यावी.