पिलाची आई कोठे आहे?



पत्रकावर आमच्या नावापुढे ‘लहान जातीची कुत्री आणि त्यांची पैदास’ असा विषय पाहून आपल्यापैकी काहीजण हसले असतील. हमाल-मापाडी आणि जिनिंग-प्रेसिंगमधील कामगारांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पगाराबद्दल बोलावे, बोनसबद्दल बोलावे. कुत्र्याशी त्याला काय करायचे? आमचे शिक्षणही सातवीपुरते. पुढे जे थोडेफार शिकलो ते कामगार-कायद्याच्या पुस्तकांतून आणि गेटसभांतून. पण ज्या हिशेबाने माणसाकडून जास्तीत जास्त काम काढून घेतले जाते, तोच हिशेब मुक्या जनावराच्या कुशीवर लावलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. म्हणून हा विषय आम्हीच मागून घेतला.

घडले ते असे. आमच्या संघटनेचा एक जुना सभासद. गिरणी बंद पडली, हिशेबाचे पैसे अर्धेमुर्धे हातात आले, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने घरामागे टिनाच्या शेडमध्ये चार पांढऱ्या केसाळ कुत्र्या पाळल्या. लोक त्यांना ‘पामेरियन’ म्हणतात. शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि हा आमच्याकडे आला : “भाऊ, आता तुम्हीच वाचवा.” आम्ही गेलो. वैशाखातली दुपार होती. शेडमध्ये पाय ठेववेना. एक कुत्री पिंजऱ्यात आडवी पडली होती; सड लोंबलेले, पाठीवरचे केस झडलेले. वय साडेचार वर्षे, वेत सातवे. वर्षातून दोनदा माजावर आली की दोन्ही वेळा लावायची, दोन महिन्यांनी पिले, आणि तीस-पस्तीस दिवसांचे पिलू झाले की नागपूरच्या दलालाकडे रवाना. इतके लहान का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “लहान असलं की लोकांना गोड वाटते, मोठं झालं की भाव पडते.”

आम्ही त्याला बोललो. तेव्हा तो जे म्हणाला ते आजही कानांत आहे. “भाऊ, गिरणी बंद झाली तेव्हा माह्या पोराबाळांची चौकशी कराले कोणी आलं नाही. आता कुत्रीसाठी आले का?” या प्रश्नावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही खाली मान घालून परतलो.

रात्री झोप आली नाही. आमच्या चळवळीच्या इतिहासातले एक पान राहून राहून आठवत होते. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूति-लाभाचे बिल आले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाळंतपणाच्या विश्रांतीचा भार ज्याला श्रमाचा नफा मिळतो त्यानेही उचलला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. 2017 साली ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. त्याच 2017 साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचेही नियम काढले. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम म्हणतात : पैदास करणाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, अठरा महिन्यांच्या आतील मादी लावू नये, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेऊ नये, जन्मभरात पाचांहून अधिक घेऊ नये, आठ वर्षांनंतर मुळीच घेऊ नये, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये. स्त्रीची आणि कुत्रीची बरोबरी आम्ही करीत नाही. बरोबरी आहे ती नफ्याच्या हिशेबाची. विश्रांती म्हणजे खर्च, असे मानणारा हिशेब दोन्हीकडे एकच असतो.

ही झाली मादीची गोष्ट. आता पिलाच्या अंगकाठीकडे वळू. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात टफी नावाचा पांढरा कुत्रा लोकांनी पाहिला. 2003 साली ‘हच’ या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा चपट्या नाकाचा पग आला, आणि घरोघरी पग हवा झाला. आता विचार करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवतो. ज्याचे नाक माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून चपटे केले, घशातली वाट अरुंद केली, तो धापा तरी कशा टाकणार? वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत जातो. अशा उन्हात त्या जनावराचा श्वास म्हणजे रोजचा झगडा. त्याचे घोरणे ऐकून आपण हसतो. ते खरे तर गुदमरणे असते. ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर या जातींची शंभरातली ऐंशीहून अधिक बाळंतपणे पोट फाडून करावी लागत असल्याचे आढळले. पिलाचे डोके मोठे, आईची कंबर अरुंद. जी जात आपली आपण विऊ शकत नाही, ती निसर्गाने नव्हे, आपल्या हौशीने घडवलेली आहे.

निवड करणे वाईट, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आर्वी-कारंज्याकडची आपली गौळाऊ गाय पाहा. नंदगवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या वळू निवडले ते पाय, पाठ, चाल आणि स्वभाव पाहून. म्हणून उन्हातान्हात झपाझप चालणारा बैल आपल्याला मिळाला. तीही निवडच; पण ती जनावराच्या अंगाला पेलणारी होती. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली ‘कॅव्हेलियर’ या लहानशा, देखण्या जातीची चालू पद्धतीची पैदास बेकायदा ठरवली. कारण त्या जातीत हृदयाचे आणि कवटीचे आनुवंशिक दुखणे फार पसरले आहे. देखणेपण हा दुखण्याचा परवाना होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे येऊ. कायदा पुस्तकात आहे. पण शेडपर्यंत चालत जायला त्याला पाय आपलेच लागतात. कामगाराचा मालक कोण हे आम्हांस गेटवर ठाऊक असते. त्या पिंजऱ्यातल्या कुत्रीचा मालक कोण? आमचा सभासद? दलाल? आम्हांस वाटते, खरा मालक गिऱ्हाईक आहे. पाच आठवड्यांचे, स्वस्तातले, ताबडतोब हवे असलेले पिलू जो मागतो, तोच त्या माउलीला पुन्हा माजावर लावतो. म्हणून पिलू घ्यायला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : याची आई कोठे आहे? आई दाखवली नाही तर परत फिरा. दाखवली तर तिचे अंग पाहा, वेते किती झाली ते विचारा, नोंदणीचा कागद मागा. आणि पाळायचेच असेल, तर गावातल्या देशी पिलाला दार उघडा; उन्हाशी त्याची जुनी ओळख आहे.

आमच्या सभासदाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी त्याच्यासाठी कामाचा निरोप घेऊन. एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा होती. त्याने ती धरली. कुत्र्यांची नसबंदी गुरांच्या डॉक्टरांकडून करवून घेतली; दोन घरे मिळून गेल्या, दोन त्याच्याकडेच आहेत. पिलांतून मिळत होते तेवढे पैसे त्याला आज मिळत नाहीत, हे आम्ही लपवीत नाही. ती तूट भरून काढणे आम्हांस जमलेले नाही. पण जनावराची दया करा म्हणणाराने माणसाच्या पोटाचीही सोय पाहिली पाहिजे, हा धडा त्यानेच आम्हांस शिकवला. ती सात वेतांची कुत्री आता ओसरीवर सावलीत झोपते. तिच्या पाठीवर केस परत येत आहेत.