एका नदीचे शेजारी

मध्य प्रदेशात मुलताईस उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेस समुद्राला मिळते. तिच्याच वाटेने असंख्य खानदेशी कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे जाऊन स्थायिक झाली. सुरतेला परका माणूस नवा नाही. १६१३ साली इंग्रजांची वखार तेथे स्थापन झाली. डच व आर्मेनियन लोकांच्या कबरी आजही शहरात आहेत. परंतु जगाशी व्यापार करणे निराळे आणि जगाबरोबर नांदणे निराळे.

हा दुसरा धडा सुरतेला संकटांनी दिला. १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लक्षावधी लोक शहर सोडून गेले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने बहुतेक शहर बुडविले. रोगजंतू किंवा पाणी कोणाची भाषा विचारीत नाही. गुजराती मालक, खानदेशी विणकर आणि ओडिशातून आलेला कामगार, सारे एकाच चिखलात उभे राहिले.

त्यानंतर शहर स्वच्छ झाले. बमरोलीस सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना दिले जाऊ लागले. पण, श्रोतेहो, केवळ यंत्रांनी शहर टिकत नाही. पुराची सूचना ज्याला समजली नाही, त्याला ती मिळालीच नाही. महानगरपालिकेच्या शाळांतून गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया व तेलुगू माध्यमांतूनही शिक्षण मिळते, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. शेजारच्या मागावरील माणसाचे बोलणे ज्याला उमगले, त्याला दूरचे जगही परके राहत नाही.