पेठ, वाडे आणि जीर्णोद्धार



सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात बोलण्याची आज्ञा झाली. धर्मतत्त्वांवर बोलण्याचा अधिकार महाराजसाहेबांचा. मी कापडाचा व्यापारी. म्हणून ज्या पेठेने आपल्या घरांना अन्न दिले, तिच्याविषयी चार शब्द बोलतो.

आपले ओतूर हे वाटेवरचे गाव. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतील माल नाणेघाट चढून जुन्नरकडे येई. घाटातील नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आपणांस परिचित आहेत. पुढे माळशेजचा रस्ता झाला, कल्याण-अहिल्यानगर महामार्ग आला. व्यापार वाटेमागे जातो. त्यामुळे नवी दुकाने महामार्गावर गेली, याचे मला नवल वाटत नाही. खेद वाटतो तो पेठेतील वाडे ज्या रीतीने जात आहेत, त्याचा.

वाडा एका दिवसात पडत नाही. एका वर्षी शाकारणी राहून जाते, एक कौल सरकते, भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाशी पाणी मुरते, मग वाळवी लागते आणि काही पावसाळ्यांनंतर माडी खचते. कोणी हौसेने मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. ओल आतच कोंडते आणि भिंत अधिकच लवकर फुगते. तेथे चुन्याचेच काम हवे. दुरुस्ती का होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. उताऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतील निम्मी पुण्या-मुंबईत. खालच्या गाळ्याचे भाडे इतके जुने की त्यात वर्षाची कौलेही येत नाहीत. बी.कॉम.ला आम्हांस घसारा शिकविला गेला. वाड्याचा घसारा प्रत्येक भाऊ तोंडपाठ सांगतो, दुरुस्तीची तरतूद मात्र एकाच्याही वहीत आढळत नाही!

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपण प्रवचनांतून ऐकत आलो. परंतु स्पष्ट बोलतो, क्षमा असावी : अलीकडे अनेक ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुने काष्ठकाम उतरवून भंगारात घालणे आणि पांढऱ्या संगमरवराचे नवे काम उभे करणे, असाच अर्थ झाला आहे. याला उद्धार कसे म्हणावे? शेठ कस्तुरभाई लालभाई (1894-1980) आपल्यासारखेच कापडातले. त्यांच्या गिरण्या होत्या एवढाच फरक. आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष असताना त्यांनी राणकपूर आणि देलवाड्याची कामे केली, ती मूळ घडण न मोडता. जुन्याशी जुळणारा दगड मिळविला, सोमपुरा कारागीर बसविले, घाई केली नाही. शत्रुंजयावर तर मागाहून झालेली बांधकामे काढून आतले मूळ कोरीव काम मोकळे केले. अहमदाबादच्या जुन्या शहराला 2017 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. त्यात तेथील पोळींमधील लाकडी घरांचा मोठा वाटा आहे. त्या घरांत राहणाऱ्यांत व्यापारीही होते.

आता केवळ वाडे राखून पेठ चालणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. गिऱ्हाईक लाकडी खांब पाहायला येत नाही. बस्ता बांधायला आलेले कुटुंब तीन-चार तास दुकानात असते. पंधरा-वीस माणसे, त्यांत वृद्ध आणि लेकुरवाळ्या. त्यांना गाडी लावायला जागा हवी, बसायला सावली हवी आणि भगिनींसाठी स्वच्छतागृह हवे. हे तिन्ही महामार्गावरील दुकानदार देतो, म्हणून बस्ता तिकडे जातो. आपण मात्र तयार कपड्यांना आणि मोबाइलवरच्या खरेदीला दोष देत बसतो. अमेरिकेतही हमरस्त्यावरील मोठ्या दुकानांनी लहान गावांचे बाजार ओस पाडले होते. तेथे 1977 मध्ये तीन लहान गावांत प्रयोग सुरू झाला, तो दुकानदारांना एकत्र आणून, जुन्या इमारती न पाडता, एकेक दर्शनी भाग नीट करीत आणि वरचे रिकामे मजले वापरात आणीत. आपल्या माड्याही रिकाम्याच आहेत. तेथे शिंपीकाम चालेल, शिकवणी चालेल, एखाद्या वाड्यात प्रवाशांची सोय होईल. जुन्नर तालुका 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. शिवनेरी, लेण्याद्री, माळशेजला येणारी माणसे ओतूरवरून जातात. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी पाहण्यास आणि बाबाजी चैतन्यांच्या समाधीस हजारो येतात. मांडवीकाठाहून पेठेत वळावे, असे त्यांना काय दिसते? बंद फळ्या आणि लोंबणाऱ्या तारा.

संस्थेपुढे माझी मागणी लहान आहे. महोत्सवाच्या शिलकेतून एक दुरुस्ती निधी वेगळा काढावा. येत्या पावसाळ्यापूर्वी पेठेतील समाजबांधवांच्या प्रत्येक वाड्याचे छप्पर एका जाणत्या सुताराला आणि गवंड्याला दाखवावे व ज्यांचे हिस्सेदार बाहेरगावी आहेत त्यांच्याशी विश्वस्तांनी स्वतः बोलावे. निम्मा खर्च मालकांचा, निम्मा निधीतून, बिनव्याजी आणि गाळ्याच्या भाड्यातून हप्त्याने परत. पहिल्या वर्षी तीन वाडे घ्यावेत. अक्षय्य तृतीयेपर्यंत यादी झाली, तर शाकारणीला वेळ मिळेल. कौले बसविणारी माणसे आता तालुक्यात थोडीच उरली आहेत आणि ज्येष्ठ लागला की ती कोणाच्या हाती लागत नाहीत.