दस्तुरी नाक्याच्या पुढे



मानवी हक्कांवरचं भाषण सहसा 1948च्या पॅरिसमधल्या जाहीरनाम्यापासून सुरू होतं. कर्जत-खालापुरात ते दस्तुरी नाक्यापासून सुरू करणं बरं. माथेरानला निघालेल्या गाड्या तिथे थांबतात. पुढचा लाल मातीचा रस्ता पर्यटक पायी, घोड्यावरून, नाहीतर हातरिक्षात बसून कापत आले आहेत. हातरिक्षाला एक माणूस पुढे दांड्याशी जुंपलेला असतो आणि मागून दुसरा जोर लावतो. उतार लागला तरी काम हलकं होत नाही. तेच अंग मागे टाकून गाडी रोखावी लागते.

6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा खऱ्याखुऱ्या हातरिक्षावाल्यांनाच द्या आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असंही राज्य सरकारला बजावलं. पंजाबच्या रिक्षावाल्यांच्या 1980च्या निकालाची आठवण न्यायालयाने करून दिली. मधे 45 वर्षं गेली. माथेरानात वाहनांना बंदी आहे आणि ती पर्यावरणासाठी योग्यच. पण झाडं वाचवण्याचा भार इतकी वर्षं सर्वांत गरीब माणसाच्या खांद्यावर होता, हे फारसं कुणाला खटकलं नाही. हातरिक्षावाल्यांच्या संघटनेला खटकलं आणि ती कोर्टात गेली. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध होता. त्यांनाही पोट आहे.

डोंगराखालची गोष्ट याहून जुनी. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल पोरांसकट सगळं घर मिळून फेडतं, आणि हिशेबाची वही मालकाकडे. ‘अजून बाकी आहे’ एवढं तो म्हणाला, की पुढचा हंगामही बांधला गेला. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच केलं आहे. शिवाय ते वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर टाकली आहे, मजुरावर नाही. हे कलम भट्टीवर किती जणांना ठाऊक असेल?

अशा कर्जाचा बंदोबस्त याच कर्जत तालुक्यात एका तरुण वकिलाने करून पाहिला होता. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल. शेतकरी-आदिवासींनी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते गेले, तेव्हा तिशीत होते. पुतळ्याला हार घालताना कोठारांची आठवण क्वचितच निघते.

हक्काचा प्रश्न कर्जापुरता नाही, रस्त्याचाही आहे. इर्शाळवाडी ही खालापूर तालुक्यातली डोंगरावरची वाडी. 19 जुलै 2023च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ताच राहिले. वस्तीबाहेरच्या शाळेत थांबलेली काही पोरं वाचली, खाली खबर त्यांनी दिली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं पायथ्याशी राहिली आणि माती हातांनी उपसावी लागली. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढणीवरच हृदयविकाराने गेला. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. रस्त्याने दरड अडली नसती, हे खरं. पण ज्या वाडीवर सरकारची गाडी कधी जात नाही, ती सरकारच्या यादीतही सहसा जात नाही.

आजही कितीतरी वाड्यांवरून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणतात. रस्ता का नाही विचारलं, तर ‘वनखात्याची जमीन आहे’ हे उत्तर ठरलेलं. ते अर्धवट आहे. 2006च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2)नुसार रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी पंचाहत्तरपर्यंतच झाडं तोडून. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. तिचा ठराव मुद्देसूद लिहावा लागतो, जागेचं मोजमाप जोडावं लागतं, आणि वनखात्यात दिलेल्या प्रस्तावाची पोच मागून घ्यावी लागते. आज पदवी घेणाऱ्यांपैकी काहींची घरं अशाच वाड्यांवर आहेत. येत्या ग्रामसभेत हा विषय त्यांना मांडता येईल.